मोटरहोमचं ऑइल: मीटर नको, उभे तास मोजा

नागपूर-हैदराबाद रस्त्यावर जाम चौरस्त्याजवळ माझं गॅरेज आहे. धंदा चालतो तो कापसाच्या टेम्पोंवर, वणीकडच्या कोळशाच्या ट्रकांवर आणि लग्नसराईत वऱ्हाड नेणाऱ्या ट्रॅव्हलरवर. हल्ली ताडोबाकडे निघालेल्या मोटरहोमही दारात थांबतात. बहुतेक फोर्सच्या ट्रॅव्हलर, काही टाटाच्या विंगर, एखादी जुनी 407. आत पलंग, ओटा, संडास, छतावर सोलर. मालक हौशी असतो. पडद्याचा रंग त्यानं चार दुकानं फिरून निवडलेला असतो, पण इंजिनात ऑइल कोणतं विचारलं की "शोरूमवाल्यानं टाकलं तेच" एवढंच. आणि कधी बदललं विचारलं की बोट मीटरकडे जातं: "चार हजारही नाही झाले न भाऊ अजून."

मीटरचा हिशेब ट्रकला लागू पडतो, कारण ट्रक रोज धावतो. मोटरहोम धावते कमी, उभी जास्त राहते, आणि उभ्या गाडीतही ऑइल म्हातारं होतं. एक लिटर डिझेल जळलं की जवळपास लिटरभरच पाणी तयार होतं. त्यातलं बहुतेक वाफ होऊन सायलेन्सरमधून जातं, पण थोडा वायू पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली ऑइल साठतं त्या चेंबरमध्ये उतरतोच. इंजिन चांगलं अर्धा-पाऊण तास तापून धावलं तर हे पाणी पुन्हा वाफ होऊन निघून जातं. अंगणात दहा मिनिटं सुरू करून बंद केलं तर ते ऑइलातच मुक्काम करतं. जळणातून आलेली आम्लं त्यात मिसळतात. ती मारायला ऑइलात क्षार घातलेला असतो, पण तो खर्च होत जातो. संपला की आम्ल बेअरिंगला लागतं.

दुसरा प्रकार एसीचा. मे महिन्यात ताडोबाच्या मोहर्ली गेटकडे पारा 45 च्या वर गेलेला असतो. इंजिनावरचा एसी असेल तर काही लोक रात्रभर इंजिन स्लोवर ठेवून आत झोपतात. धुराचा वास न येता माणूस गुदमरू शकतो, म्हणून ही गोष्ट मुळातच करू नये. पण दुपारी जेवताना, मुलांना झोपवताना इंजिन दोन-दोन तास चालू राहतंच. मीटर जागचं हलत नाही. स्लोवर इंजिन पुरतं तापत नाही, काजळी जास्त धरते, आणि न जळलेलं थोडं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळत ऑइलात जातं. मी अशा एका तासाचे चाळीस किलोमीटर धरतो. हा माझा अंदाज आहे, कंपनीचा आकडा नाही. पण गाडीत एक वही ठेवून उभे तास लिहून पाहा, चार हजारांचे दहा हजार कधी झाले ते कळेल.

म्हणून मॅन्युअलात दिलेले किलोमीटर (उभे तास मिळवून) किंवा एक वर्ष, जे आधी भरेल तेव्हा ऑइल बदला. आपल्याकडे त्याला सोयीची वेळ आहे: मृग लागायच्या आधी. पावसाळ्यात ताडोबाचा कोअर बंद असतो, चिखलात मोटरहोम कोणी घालत नाही, गाडी दिवाळीपर्यंत शेडमध्ये उभी असते. बरेच जण म्हणतात, "उभीच ठेवायची आहे, दिवाळीत काढताना बदलू." हे उलटं आहे. जुनं, आम्ल झालेलं ऑइल पोटात घेऊन गाडी चार महिने उभी राहते, तेव्हाच नुकसान होतं. नवं ऑइल टाका, वीस-पंचवीस किलोमीटर फिरवून ते सगळीकडे पोचू द्या, मग उभी करा. मधल्या काळात महिन्यातून एकदा हिंगणघाटपर्यंत जाऊन या. ते जमत नसेल तर बॅटरीची तार काढून ठेवा आणि इंजिनाला हातच लावू नका. दर रविवारी दहा मिनिटं सुरू करणं हे गाडीवरचं प्रेम नव्हे.

ऑइल कोणतं

डब्यावर दोन गोष्टी वाचायच्या असतात आणि लोक तिसरीच वाचतात, ती म्हणजे ब्रँड. आधी जाडी पाहा. 15डब्ल्यू-40 मधला 15डब्ल्यू हा थंडीचा आकडा, 40 हा 100 अंशांवरच्या जाडीचा. आपल्या भागातल्या जुन्या डिझेल इंजिनांना 15डब्ल्यू-40 चालतं. नागपूरचा पारा डिसेंबरात 6-7 अंशांवर आला तरी 15डब्ल्यूला काही होत नाही. त्याची चाचणी उणे 20 अंशांवर होते. लडाखला जायचं असेल तर 5डब्ल्यू-40 चा विचार करा. चिखलदऱ्याची थंडी त्याच्यापुढे काहीच नाही.

उन्हाळ्यात आणखी एक आग्रह असतो: "भाऊ, ऊन पाहा किती आहे, जाडं ऑइल टाका न, 20-50 टाका." बाहेर 46 असो की 26, पाणी आणि थर्मोस्टॅट इंजिनाला साधारण 80-90 अंशांच्या आसपास धरून ठेवतात आणि तापलेलं ऑइल त्याहून थोडं वरच असतं. उन्हाचा फरक रेडिएटरला पडतो. रेडिएटरच्या जाळीत कापसाचे तंतू बसलेत का ते पाहा, जाड ऑइल सकाळच्या स्टार्टला टर्बोपर्यंत पोचायला वेळ मात्र जास्त घेतं.

दुसरी गोष्ट दर्जाची, आणि माझ्या मते खरी निवड इथेच आहे. डब्याच्या मागे एपीआय, म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचा दर्जा, लिहिलेला असतो. एसने सुरू होणारं पेट्रोलसाठी, सीने सुरू होणारं डिझेलसाठी. दोन्ही लिहिलेलं असलं तर सीचं वाचा. सीआय-4 हा दर्जा 2002 चा, सीके-4 हा 2016 च्या शेवटचा. बीएस 3, बीएस 4 (बीएस म्हणजे भारत स्टेज, धुराचं सरकारी मानक) च्या साध्या ट्रॅव्हलरला किंवा 407 ला सीआय-4 प्लस पुरतं. 1 एप्रिल 2020 नंतर विकलेल्या बीएस 6 गाडीत मात्र धुराच्या नळीवर बहुतेक वेळा डीपीएफ असतो, काजळी पकडून जाळणारी जाळी. काजळी जळते, पण ऑइलातली राख जळत नाही, ती जाळीत साठत जाते. म्हणून तिथे कमी राखेचं ऑइल लागतं: सीके-4, किंवा मॅन्युअलात एसीईए (युरोपातल्या गाडी कंपन्यांचा दर्जा) सी3, ई6, ई9 असं जे लिहिलं असेल ते. चार पैसे वाचवायला साधं ऑइल टाकलं तर वाचलेल्या पैशाच्या कितीतरी पट खर्च डीपीएफ काढून घेतो. उलट दिशेनं अडचण नाही, सीके-4 जुन्या इंजिनात खुशाल टाका. एफए-4 नावाचं एक पातळ ऑइल असतं, ते मॅन्युअलात नाव असल्याशिवाय घेऊ नका.

विंगरसारख्या छोट्या इंजिनाच्या काही गाड्यांना मॅन्युअल 5डब्ल्यू-30 सांगतं. "एवढं पातळ?" म्हणून घाबरू नका, आणि ट्रॅव्हलरवाल्या मित्राचं ऐकून 15डब्ल्यू-40 टाकू नका. ट्रॅव्हलरच्या इंजिनाचं घराणं वेगळं आहे; बजाज टेम्पोनं मर्सिडीजच्या परवान्यानं बनवलेल्या ओएम 616 पासून ते आलं. त्याला जे मानवतं ते दुसऱ्याला मानवेलच असं नाही.

ब्रँड? इंडियन ऑइलच्या पंपावर सर्वो मिळतं, भारतच्या पंपावर मॅक, बाजारात आणखी डझनभर. दर्जा एकच असेल तर मला फरक दिसलेला नाही. बिल मिळेल अशा ठिकाणाहून घ्या. झाकणाची कडी तुटलेली, लेबल तिरपं, बॅच नंबर पुसट असला तर डबा परत करा. अर्धा लिटर कमी पडलं आणि तेच नाव मिळेना, तर त्याच जाडीचं आणि दर्जाचं दुसरं टाका. ऑइलवाचून चालवण्यापेक्षा ते बरं. इंजिनात टाकायच्या जादूच्या बाटल्या मात्र दुकानातच राहू द्या.

आधी डिपस्टिक

डिझेलचं ऑइल बदलून दोन दिवसांत काळं पडतं. "पार जळून गेलं वाटते" म्हणत लोक धावत येतात. ते काळं पडलंय म्हणजे काजळी धरून ठेवण्याचं त्याचं काम चालू आहे. रंगानं घाबरू नका, पातळीनं घाबरा.

पातळी खाली जाणं सगळ्यांना कळतं, वर जाणं कोणाच्या लक्षात येत नाही. डीपीएफ आपली काजळी जाळायला जादा डिझेल मागवतो. गाडी सारखी छोट्या फेऱ्या मारत असेल किंवा मध्येच बंद केली असेल, तर त्यातलं डिझेल ऑइलात उतरतं. डिपस्टिकवर, म्हणजे ऑइल मोजायच्या पट्टीवर, ऑइल वरच्या खुणेच्या पुढे गेलं, नाकाला डिझेलचा वास आला, बोटांत चोळल्यावर पाण्यासारखं निसटलं, तर किलोमीटर काहीही असोत, बदला. आणि दुधाळ, चॉकलेटी फेस दिसला तर ऑइल बदलून उपयोग नाही, कूलंट आत येतंय. गाडी टो करून न्या.

एक सोपी तपासणी मी गिऱ्हाइकासमोर करतो. चहा गाळायच्या कागदी फिल्टरचा तुकडा किंवा शाळेतला टीपकागद घ्या, डिपस्टिकवरचा एक थेंब त्यावर सोडा आणि सपाट जागी रात्रभर ठेवा. सकाळी डाग मधे गडद आणि बाहेर हळूहळू फिका होत गेला असेल तर ऑइलात अजून दम आहे. मधे काळं टिक्कड आणि त्याला तुटक, धारदार कडा असेल तर काजळी धरून ठेवायची ताकद संपली. सगळ्यात बाहेर रुंद, फिकट, ओलसर कडं पसरलं तर डिझेल मिसळलंय. हे काही प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र नव्हे, पण मीटरपेक्षा खरं बोलतं.

बदलायच्या दिवशी

गाडी पाच-सात किलोमीटर फिरवून आणा म्हणजे ऑइल कोमट होऊन सगळी घाण घेऊन खाली येईल. उकळतं नको, हात भाजतो. बंद करून पंधरा-वीस मिनिटं थांबा. जागा पक्की हवी. ग्रामपंचायतीचा सिमेंट रस्ता चालेल, वावराच्या धुऱ्यावरची काळी माती नाही. वरून कोरडी दिसते आणि जॅक लावला की लोण्यासारखी आत घेते. शक्यतो जॅक लावूच नका. ट्रॅव्हलर इतकी उंच असते की पाठीवर सरकून चेंबरपर्यंत हात पोचतो. उचलावीच लागली तर खाली जाड फळी, चाकांना दगड, आणि स्टँडशिवाय खाली शिरायचं नाही, म्हणजे नाही.

मोटरहोममध्ये दोन गोष्टी जास्तीच्या असतात. पाण्याच्या टाक्या एका बाजूला असतात, भरलेल्या असल्या की गाडी कलते आणि डिपस्टिक चुकीचं दाखवते. गवंड्याची लेव्हल-पट्टी आत फरशीवर ठेवून पाहा, कल असेल तर टाकी रिकामी करा किंवा चाकाखाली फळी द्या. दुसरं म्हणजे आतलं घर. गॅस सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा, बायको-मुलांना बाहेर चहाला पाठवा, आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा. तुम्ही गाडीखाली असताना कोणीतरी पंख्यासाठी किल्ली फिरवली, असं व्हायला नको.

हातमोजे घाला. वापरलेलं ऑइल कातडीला वर्षानुवर्षं लागणं चांगलं नाही. आमच्या जुन्या मिस्त्र्यांचे हात पाहिलेत की सांगावं लागत नाही. वरचं झाकण आधी सैल करा, हवा मिळाली की ऑइल भराभर उतरतं. खाली तुमच्या इंजिनाच्या ऑइलपेक्षा मोठं भांडं ठेवा, ऑइल सात-आठ लिटर असू शकतं. अर्धी बादली पुरत नाही. चेंबरचा नट बरोबर मापाच्या रिंग पान्यानं सैल करा, अॅडजस्टेबल पान्यानं त्याचे कोपरे जातात. शेवटचे आटे हातानं फिरवताना नट आत दाबून धरा आणि मोकळा झाला की झटकन बाजूला घ्या. ऑइलची धार पहिल्यांदा सरळ खाली न पडता पुढे उडते, भांडं तेवढं पुढे असू द्या.

आता घाई करू नका. धार तुटली तरी अर्धा तास थेंब पडू द्या. या वेळात नट पुसून उजेडात धरा. टोकाला चुंबक असेल तर त्यावर राखाडी मऊ लेप दिसेल, तो चालतो. चकचकीत कीस किंवा सुईसारखा तुकडा हाताला लागला तर जुनं ऑइल फेकू नका, ओळखीच्या मिस्त्रीला दाखवा. नटाखाली तांब्याचा किंवा अॅल्युमिनियमचा वायसर असतो. दरवेळी नवा घाला, चिल्लरमध्ये मिळतो. खेड्यात मिळाला नाही आणि जुना तांब्याचा असेल, तर चिमट्यात धरून गॅसवर लाल करा आणि पाण्यात टाका. तांबं पुन्हा मऊ होतं आणि नटाखाली नीट बसतं. अॅल्युमिनियमच्या वायसरवर हा प्रयोग करू नका, तो वितळेल. नट घट्ट करताना लांब पाना वापरू नका. लांब दांड्यानं चेंबरचे आटे गेले की पुढची गोष्ट लेथ मशीनवर जाते.

फिल्टर प्रत्येक वेळी बदला. जुन्यात बरंच काळं ऑइल उरतं, ते नव्यात कशाला मिसळायचं? साखळी पान्यानं काढा, आणि जुन्याचं रबर त्याच्यासोबत निघालं का ते बोटानं तपासा. जुनं रबर इंजिनावर चिकटून राहिलं आणि त्यावर नवं बसलं तर पहिल्याच रेसला ऑइल बाहेर. नव्याच्या रबराला बोटानं ऑइल लावा, हातानं टेकेपर्यंत फिरवा आणि मग फिल्टरवर छापलेलं असेल तेवढं, साधारण पाऊण फेरा. फिल्टर उभा बसत असेल तर आधी भरून घेता येतो, पण ऑइल कडेच्या छोट्या भोकांतून ओता. मधल्या मोठ्या भोकातून ओतलं तर ते गाळल्याशिवायच बेअरिंगला जातं.

डिझेल किंवा रॉकेल टाकून इंजिन "धुऊन" काढायची रीत आमच्याकडे अजून आहे. धुतलेलं सगळं कधीच बाहेर येत नाही, जे उरतं ते नवं ऑइल पातळ करतं. ते पैसे वर्षभरात एक जादा ऑइल बदलण्यावर घाला.

नवं ओतताना मॅन्युअलच्या मापापेक्षा एक लिटर कमी टाका, पाच मिनिटं थांबून डिपस्टिक पाहा, मग थोडं थोडं करत दोन खुणांच्या वरच्या बाजूला आणा. वरच्या खुणेच्या पुढे नको. जास्तीचं ऑइल क्रँक घुसळून फेस करते आणि फेसानं वंगण होत नाही. बीएस 6 गाडीत निळ्या झाकणाची टाकी असली तर ती युरियाच्या पाण्याची आहे. ऑइल तिथे नाही.

स्टार्ट करा आणि अॅक्सिलरेटरला पाय लावू नका. ऑइलचा दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे, नाही विझला तर लगेच बंद. टर्बोला पहिल्या क्षणी ऑइल पोचलेलं नसतं, तेव्हा केलेली रेस तिला महागात पडते. दोन मिनिटं स्लोवर चालवून बंद करा, खाली बॅटरी मारून नट आणि फिल्टर पाहा, दहा मिनिटांनी पातळी पुन्हा पाहा. फिल्टर भरल्यानं ती थोडी उतरलेली असते, तेवढं घाला. पन्नास किलोमीटरनंतर पुन्हा एकदा खाली वाकून पाहा. बोनेटच्या आत एक चिठ्ठी चिकटवा: तारीख, मीटर, ऑइलची जाडी आणि दर्जा. रस्त्यात दुसऱ्या मिस्त्रीकडे जायची वेळ आली तर त्याला विचारावं लागणार नाही.

एअर फिल्टर त्याच दिवशी काढून पाहा. वणीच्या रस्त्यावरची कोळशाची धूळ आणि फेब्रुवारीतल्या पांदणीची माती फिल्टरच्या कडेनं आत गेली की ऑइलात पॉलिश पेपरचं काम करते. तिथे कितीही महाग ऑइल टाकलं तरी रिंगा झिजतात.

काढलेल्या ऑइलचं काय

गावात त्याला मागणी आहे. कोणी वाळवीसाठी चौकटीला लावतो, कोणी कुंपणाच्या खांबांना, कोणी बंडीच्या आसाला. हे थांबवा असं मी म्हणतो तेव्हा लोक हसतात. पण पावसात ते धुऊन नाल्यात जातं आणि नाला आपल्याच विहिरीजवळून जातो. 2016 च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेलं ऑइल घातक कचराच धरलेलं आहे. आटे पक्के असलेल्या रिकाम्या डब्यात भरून ठेवा, पाणी किंवा कूलंट मिसळू नका आणि तुमच्या सर्व्हिस सेंटरला किंवा मोठ्या गॅरेजला द्या; त्यांच्याकडे प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेले गोळा करणारे येतात. फिल्टरही रात्रभर उलटा ठेवून निथळवा आणि त्यांच्याकडेच द्या.

नव्या ऑइलचे रिकामे डबे भंगारवाल्याला देण्याआधी प्रत्येकाच्या बुडाला खिळ्यानं दोन भोकं पाडा आणि लेबल फाडा. तसाच दिलेला डबा भेसळवाल्याकडे पुन्हा भरून येतो.